सायकलच्या ट्यूबचा गोंडा

मावशींनी त्या सकाळी हात केला नसता, तर मी दसऱ्याच्या आधीच गावाला परत गेले असते. म्हणून आधी त्यांचं सांगते, मग बाकीचं.

मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण नव्हे. चीनमधल्या एका मोठ्या शहरातून त्या क्युपर्टिनोला मुलाकडे आल्या होत्या, नातीला सांभाळायला. आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या रांगेत त्यांचं घर. बुटक्या, काटक, पांढरे केस मानेपाशी सरळ कापलेले. उन्हात निघाल्या की डोक्यावर पुढे काळा छज्जा आलेली टोपी आणि हातांवर फुलाफुलांच्या सुट्या बाह्या. मराठी त्यांना येत नव्हतं हे सांगायला नकोच. इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे येस, नो, थँक यू. माझं नाव त्यांना म्हणता येईना, त्यांचं मला. मी मावशी म्हणाले आणि त्यांनी ओ दिली. तेवढ्यावर आमचं सगळं चाललं.

हे दोन हजार दोन सालचं. मी लग्न करून नुकती आले होते. माझे मिस्टर म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. आमच्या सांगलीकडे मामाची मुलगी करायची पद्धतच आहे. लहानपणी सुट्टीत तो आमच्याकडे यायचा तेव्हा मी त्याला अरे-तुरे करायची, अंतरपाट खाली आला आणि त्याचा 'अहो' झाला. ते पुण्यात शिकून इंजिनिअर झाले. मी आठवीत शाळा सोडली. आई गेली होती, पाठची दोघं लहान होती, कुणीतरी घरी थांबायला पाहिजे होतं. खरं सांगायचं तर पुस्तकं सुटली त्याचं मला तेवढं वाटलं नाही. खो-खो सुटला त्याचं फार वाटलं.

क्युपर्टिनोत मला सगळ्याचीच भीती वाटायची. फोन वाजला की भीती, दारावर कुणी आलं की भीती. शनिवार-रविवार मराठी मंडळींकडे जेवणं असायची. सगळ्याजणी शिकलेल्या, कुणी पुण्याची, कुणी नागपूरची. मनाने चांगल्या होत्या, उगाच कशाला खोटं बोलू. पण बोलणं सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला शिक्षण यायचंच. एका ताईंनी विचारलं, "मग, तू काय केलंयस गं?" त्यांना काय विचारायचंय ते मला बरोबर कळलं होतं. तरी मी म्हटलं, "वांग्याचं भरीत." सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, काय मजेशीर मुलगी आहे! मी भरताचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले ती निघायची वेळ होईपर्यंत बाहेर आले नाही.

आणि मग त्या अलार्मचं झालं. मी फोडणी घातली आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. मी चुलीचं बटण बंद केलं आणि तशीच अनवाणी जिना उतरून खाली गाड्यांच्यात जाऊन उभी राहिले. दोन-तीन शेजारी आले, इंग्रजीत काहीबाही विचारू लागले. मी नुसती रडले. संध्याकाळी मिस्टर आले तेव्हा म्हटलं, "मला घरी पाठवा."

त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं."

मला वाटलं होतं, नको जाऊ म्हणतील. पण ते मुळात गरीब स्वभावाचे. बायको मागते आहे तर द्यावं, एवढंच त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना सांगितलं, "दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सीट मिळते आहे. सप्टेंबर संपायच्या आत एजंटला नक्की सांगायचंय. मामांना मी कळवतो नंतर." मामा म्हणजे माझे वडील. मला जायचं नव्हतं. लग्न करून अमेरिकेला गेलेली पोरगी चार महिन्यांत परत आली, एवढं एकच वाक्य गावाला वर्षभर पुरलं असतं. पण राहते म्हणाले असते तर त्यांनी विचारलं असतं, मग दिवसभर काय करशील? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मीही म्हटलं, "बरं."

ते कामावर गेले की मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बाग. गंमत म्हणजे त्या बागेत सकाळी अमेरिकन माणूस औषधाला नसायचा. सगळे चिनी म्हातारे-म्हाताऱ्या. आणि काय एकेकाचे प्रकार! एक आजोबा पूर्ण बागेला उलटे चालत फेरी मारायचे, मागे न बघता, आणि कधी कशाला धडकले नाहीत. एक बाई झाडाला पाठ लावून धप धप आपटायची. तिचं काही दुखतंय की झाडाचं, मला कळेना. एकजण स्वतःच्याच दंडांवर चापट्या मारत चालायचे. मी भाकरीचं पीठ मळायचं सोडून बघत बसायची. घरची आठवण यायची ती त्या तासाभरात यायची नाही.

आणि एका कोपऱ्यात सात-आठ जण गोल करून उभे राहायचे. मधे काहीतरी रंगीत उडायचं. हाताने नाही, पायाने. पावलाच्या आतल्या बाजूने टप्, की ते वर. गुडघ्याने टप्, की पलीकडच्याकडे. खाली पडलं की सगळे मिळून हाय करायचे. हे उडतंय तरी काय? पाखरू म्हणावं तर ते असं लाथा खात कसं राहील! बाल्कनीतून दिसेना. म्हणून एक दिवस धीर केला, कुलूप लावलं, रस्ता ओलांडला आणि एका झाडाआड उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी टोपीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघून हात केला.

अमेरिकन माणसं बोलावताना तळवा वर करून बोट हलवतात. मला ते दटावल्यासारखं वाटायचं. ह्या बाईंनी तळवा खाली करून चारी बोटं हलवली, आमच्याकडे शेताच्या बांधावरून "ये गं इकडं" म्हणून करतात तसा. त्या हाताला माझे पाय आपसूक निघाले. त्यांनी शेजारच्या माणसाला कोपराने सरकवलं, गोलात जागा केली आणि मला तिथे उभं केलं.

ते पिसांचं होतं. कोंबड्याची लाल-हिरवी पिसं खालून एकत्र बांधलेली. मी त्याला मनात गोंडा म्हटलं, अजून तेच म्हणते. गोलात एक उंच काका होते, गळ्यात शिट्टी, पाठ ताठ. गावी असताना ते शाळेत कवायत शिकवायचे असं मला पुढे कळलं. त्यांनी गोंडा माझ्याकडे उडवला. माझा पाय किती वर्षांनी तसा उचलला गेला! गोंड्याला तो लागला की नाही आठवत नाही, पण पायातली चप्पल सुटली ती सरळ जाऊन काकांच्या पोटावर आदळली.

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. वडीलधाऱ्या माणसाला चप्पल! मी धावत गेले आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. काकांना काय वाटलं देव जाणे, ते दोन्ही पायांवर टुणकन मागे उडाले. मी पुढे, ते मागे. मी आणखी पुढे, ते आणखी मागे. सगळा गोल हसून हसून खाली बसला, म्हणजे अगदी उकिडवा बसला. अमेरिकेत आल्यापासून उकिडवी बसलेली माणसं मी पहिल्यांदा बघत होते, ती ही.

मावशींनी डोळे पुसत गोंडा माझ्या हातात दिला, नीट बघ म्हणून. मी उलटा करून पाहिलं. पिसांच्या बुडाला कापडात शिवलेलं नाणं होतं, मधे भोक असलेलं, जुनं, झिजून गुळगुळीत झालेलं. आमच्याकडे भोकाचा पैसा असायचा, धाकट्याच्या करगोट्यात बांधलेला, अगदी तसं. म्हणजे मी आत्ता लक्ष्मीला लाथ मारली होती. मी ते नाणं कपाळाला लावलं आणि परत दिलं.

मग सुरू झाली खरी पंचाईत. दुसऱ्या दिवशी मिस्टरांचे जुने बूट मोजे कोंबून घालून गेले. गोंडा माझ्याकडे आला. पाय आपोआप उठला, छान उडवला. पण पायाला पैसा लागल्याबरोबर हातही आपोआप खाली गेला. पायाला हात, छातीला हात. तेवढ्यात गोंडा फिरून आला आणि माझ्या पाठीवर पडला. पुन्हा तेच. मी कुणाकडे पाठवायच्या ऐवजी हातांनी झेलायची, कपाळाला लावायची आणि मग अदबीने शेजारच्याला द्यायची, जसा काही प्रसाद. काका ओरडायचे, "नो हँड! लेग! लेग!" मी म्हणायची, "येस, येस," आणि पुन्हा हाताने.

कळत होतं हो सगळं. हा खेळ आहे, हे लोक काही पैशाचा अपमान करत नाहीत. पण पायाला कसं सांगणार? चुकून वहीला पाय लागला तरी आम्ही तिच्या पाया पडायचो. काका शेवटी मावशींशी काहीतरी तावातावाने बोलले. भाषा कळली नाही तरी मजकूर कळला. ही बाई गोल मोडते आहे. त्यांचा सण जवळ आला होता, त्या दिवशी शेजारच्या गावचा गट येणार होता आणि गोंडा कुणाचा जास्त वेळ हवेत राहतो याची चढाओढ होती. मी मागे सरकले आणि घराकडे निघाले.

मावशी पाठोपाठ आल्या. मला बाकावर बसवलं आणि नुसत्या भुवया उंचावल्या. म्हणजे, काय आहे काय? मी गोंड्यातल्या नाण्यावर बोट ठेवलं, ते कपाळाला लावलं, हात जोडले. मग पायावर बोट ठेवलं आणि दोन्ही कान पकडले. मावशींनी नाण्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, कानांकडे जास्तच वेळ पाहिलं. मग गवतावर उकिडव्या बसल्या आणि माझ्याकडे न बघता नाणं चाचपत राहिल्या. मला वाटलं, झालं. ह्यांनीही सोडलं आपल्याला.

दुसऱ्या सकाळी मी बाल्कनीतच बसले. तर मावशी खाली येऊन उभ्या, आणि तोच हात. खाली गेले. त्यांच्या हातात नवा गोंडा होता. उलटा करून मला दाखवला. बुडाला नाणं नव्हतं. नातीच्या सायकलची जुनी ट्यूब कापून त्यांनी गोल गोल चकत्या केल्या होत्या, एकीवर एक रचून जाड दोऱ्याने शिवल्या होत्या आणि वर तीच कोंबड्याची पिसं. त्यांनी ट्यूबवर बोट ठेवलं, माझ्या पायावर ठेवलं आणि भुवया उंचावल्या. चालेल?

सायकलच्या ट्यूबला कसला आलाय देव! मी हसले आणि तिथेच, गाड्यांच्यात, उडवून दाखवला.

तो गोंडा हवेत जरा डुलायचा, नाण्याच्या गोंड्यासारखा सुळकन यायचा नाही. काकांनी पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. पण हळू येतो म्हटल्यावर म्हाताऱ्यांना पाय उचलायला वेळ मिळू लागला आणि माझे तर पाय सुटलेच. खो-खोत खांबापाशी वळताना जो पाय टाकायचा असतो तोच पाय. गोंडा गोलाबाहेर जायला लागला की मी पळत जाऊन पाठमोरी टाचेने आत आणायची. काका शिट्टी वाजवायचे आणि "गुड! गुड लेग!" म्हणायचे. त्यांच्या तोंडून ते कौतुक ऐकायला मला काय आवडायचं म्हणून सांगू.

खेळ झाला की माणसं लगेच पांगत नसत. कुणी थर्मासमधून गरम पाणी प्यायचं, नुसतं गरम पाणी, त्यात चहा ना काही. कुणी सूर्यफुलाच्या बिया फोडायचं. एका बाईंनी मला पंखे घेऊन करायचा नाच शिकवला, पंखा फट्कन उघडताना माझा बांगड्यांत अडकायचा. आणि मावशी मला घरी न्यायला लागल्या. त्या पिठाची पातळ पारी लाटून आत कोबी भरायच्या आणि मोदकासारख्या चुण्या घालायच्या, पण आडव्या. मी उभ्या चुण्या घालून दाखवल्या. त्यांनी माझा एक मोदक सुनेला दाखवला, आणि सुनेने फोटो काढला.

एकदा त्यांनी भात वाढला आणि खायच्या काड्या दिल्या. मला जमेनात तेव्हा मी त्या भातात उभ्या रोवून ठेवल्या आणि हाताने जेवायला लागले. मावशींनी झटक्यात काड्या उपटल्या. चेहरा पार उतरला होता. भिंतीवर त्यांच्या गेलेल्या मिस्टरांचा फोटो होता, त्यापुढे वाटीभर राखेत उदबत्त्या उभ्या रोवलेल्या. त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं, भाताकडे दाखवलं आणि मग, काय सांगू, दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले. माझ्याकडूनच शिकल्या होत्या. मी पण कान पकडले. आम्ही दोघी कान धरून एकमेकींकडे बघत बसलो. त्यांनी एवढा विचार करून ट्यूब का कापली ते मला त्या दिवशी कळलं. असलं काहीतरी त्यांच्याही घरात होतं.

मिस्टरांना मी यातलं फारसं सांगितलं नव्हतं. "बागेत जाते," एवढंच. तिकिटाचा विषय रोज संध्याकाळी आमच्यात बसलेला असायचा आणि दोघंही त्याच्याकडे बघायचो नाही. सप्टेंबर सरत आला होता.

त्यांचा सण भाद्रपदातल्या पौर्णिमेला आला. आपली कोजागिरी असते ना, तशीच चंद्राची पूजा, फक्त एक महिना आधी. आमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. शनिवार होता. मी मिस्टरांना म्हटलं, "येता का बागेत? तिथल्या लोकांचा सण आहे."

"तुला काय माहीत तिथल्या लोकांचं?"

"या तर खरं."

संध्याकाळी बाग भरली होती. मावशींनी मिस्टरांना ओढतच नेऊन चंद्राची मिठाई खायला लावली. वरून आपल्या बेकरीतल्या बिस्किटासारखी, आणि आत गोड सारणाच्या मधोमध मिठात मुरवलेल्या अंड्याचा अख्खा पिवळा बलक. मिस्टरांनी तो घास गिळला तो चेहरा मी विसरणार नाही. मावशींनी लगेच दुसरी पुढे केली.

मग चढाओढ. आधी शेजारच्या गावचा गट. त्यांनी गोंडा इतका वेळ हवेत ठेवला की आमच्या काकांनी शिट्टीच चावायला घेतली. मग आम्ही. मिस्टर बाकावर उभे राहून बघत होते. सुरुवात फार सुंदर झाली. मावशींकडून माझ्याकडे, माझ्याकडून काकांकडे. आणि काकांनी जोशात असा काही पाय मारला की शिवण उसवली, ट्यूबच्या चकत्या एकीकडे आणि पिसं एकीकडे. सगळ्यांनी हाय केलं.

दुसऱ्या गटाने दिलदारपणे सांगितलं, पुन्हा घ्या, आमचा गोंडा घ्या. तो हातोहात मावशींपर्यंत आला. त्यांनी उलटा केला. बुडाला नाणं होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणी काही म्हणायच्या आत गोलातून बाहेर आले. त्यांचा सण, त्यांचा खेळ, माझ्या एका पायासाठी कशाला बिघडवायचा? माझी जागा तशीच मोकळी राहिली. मला वाटलं होतं शेजारची दोघं सरकतील आणि ती भरून निघेल. कुणी सरकलं नाही. काका शिट्टी तोंडात धरून उभे, मावशी गोंडा हातात धरून उभ्या. त्यांनी मला हात केला नाही. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. नुसत्या थांबल्या.

आणि मला आमचं शाळेचं मैदान आठवलं. मैदानात उतरताना आम्ही मुली वाकून मातीला हात लावायचो आणि कपाळाला लावायचो. सकाळी अंथरुणातून उठताना आजी जमिनीला हात लावायची, मग पाय टाकायची. दिवसभर तुझ्यावर चालणार आहे, रागावू नको, असं आधीच सांगून. प्रत्येक पावलाला वाकत बसली असती तर तिला न्हाणीपर्यंतही जाता आलं नसतं! माफी आगाऊ मागता येते, हे मी इतके दिवस विसरलेच होते. की घाबरलेल्या माणसाला असलं काही आठवतच नाही?

मी परत गोलात गेले. मावशींच्या हातातून गोंडा घेतला, नाणं कपाळाला लावलं, डोळे मिटले आणि आज जेवढ्या लाथा मारीन तेवढ्या सगळ्यांची एकदम माफी मागितली. मग गोंडा मावशींना परत दिला. मावशींनी काय करावं? त्यांनीही नाणं आपल्या कपाळाला लावलं आणि शेजारणीला दिलं. तिने लावलं, पुढे दिलं. गोंडा गोलभर फिरला. काकांनी घाम पुसल्यासारखं करून उरकलं, पण लावलं. शेजारचा गट बघत होता, त्यांना वाटलं असणार ही काहीतरी नवी युक्ती आहे.

आम्ही हरलो. म्हणजे चांगलेच हरलो. पण माझ्याकडे गोंडा जितक्या वेळा आला तितक्या वेळा मी पायाने उडवला आणि माझा हात एकदाही खाली गेला नाही. शेवटी तो पडला तोही काकांकडून. त्याचा राग त्यांनी बुटांवर काढला.

घरी येताना मिस्टर माझ्या पायांकडे बघत चालले होते. चंद्र चांगला वर आला होता. मग म्हणाले, "सुट्टीत तू मला पळवून पळवून दमवायचीस. आठवतंय?"

"तुम्ही पळायचात कुठे? खांबाला धरून उभे राहायचात."

"एवढं पळता येतं तुला अजून. आणि मला वाटत होतं, तू दिवसभर नुसती रडत बसतेस."

"बसायची."

जिन्यापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "सोमवारी एजंटला फोन करायचाय. काय सांगू?"

हेच मला इतके दिवस बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "सांगा, नको. आम्हाला पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या गटाच्या गावी जाऊन खेळायचंय."

"आम्हाला?" ते हसायला लागले. "आम्हाला म्हणजे कुणाला गं?"

"मला आणि माझ्या माणसांना," मी म्हटलं आणि जिना चढायला लागले. सोमवारी त्यांनी ऑफिसातून एजंटला फोन करून तिकीट नको म्हणून सांगितलं, आणि मग मला फोन केला. मी तो पहिल्या रिंगला उचलला.

पुढची पाच वर्षं माझे पाय घरात टिकले नाहीत. थंडीत बाहेर खेळता येईना तेव्हा काकांनी मला हॉलमधल्या बॅडमिंटनला नेलं आणि आपली जोडीदार केलं. माझ्या चुकांवर ते चिनीत ओरडायचे, त्यांच्या चुकांवर मी मराठीत. उन्हाळ्यात मी सगळ्यांना खो-खो शिकवला. उकिडवं बसायला त्यांना शिकवावं लागलं नाही, आणि एखादे आजोबा पाठीवर थाप मारून "खो!" म्हणून असे गरजायचे की पलीकडचे कुत्रे भुंकायचे. 'तू काय केलंयस' म्हणून विचारणाऱ्या ताई एकदा मुलीला घेऊन बघायला आल्या. म्हणाल्या, "अगं, तू आधी कधी बोलली नाहीस! कुठे शिकलीस हे सगळं?" मी म्हटलं, "शाळेत. आठवीपर्यंत होते." त्या म्हणाल्या, "मग हिलाही घे ना तुमच्यात." बस्स, एवढंच. ज्याला मी इतकी घाबरले ते एवढंच होतं.

मावशी दोन हजार सातला परत गेल्या. नात मोठी झाली होती आणि त्यांना आपल्या शहराची ओढ लागली होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपला तो पहिला गोंडा उसवला, भोकाचं नाणं बाहेर काढलं, लाल दोऱ्यात ओवलं आणि माझ्या गळ्यात घालण्याआधी स्वतःच्या कपाळाला लावलं. मी वाकले. त्या काकांसारख्या मागे उडाल्या नाहीत. पायाला हात लावू दिला.

आम्हा दोघींना एकमेकींची लिपी येत नाही. त्यांची सून मधूनमधून मिस्टरांना मेल करते, त्यातून कळतं. त्यांच्या शहरात नदीच्या काठाने मैलभर माणसं सकाळी जमतात, शेकडो गोल असतात, आणि मावशी रोज तिथे असतात. गुडघा दुखतो, पण जातात. त्या एवढ्या मोठ्या शहराचं मला काही ठाऊक नाही. बस कुठून सुटते, पाणी कसं मागायचं, काही नाही. भीती वाटते म्हणाल तर आतासुद्धा वाटते.

पण ट्यूब कापून ठेवलेली आहे. आमच्या मुलाच्या पहिल्या सायकलची आहे, मऊ, दुखऱ्या गुडघ्याला हळू येईल अशी. चकत्या मी स्वतः शिवल्या आहेत, दुहेरी दोऱ्याने, काकांच्या पायालासुद्धा उसवणार नाहीत अशा. मावशी, एक दिवस तो गोंडा घेऊन मी तुमच्या नदीवर येईन आणि तुमच्या दुखऱ्या पायाच्या बाजूला उभी राहीन. तुमच्याकडून निसटेल तेवढा सगळा मी पळून पळून आत आणून देईन.